पुस्तकातल्या मुलांचा रंग कुठून येतो?

दुसरी-तिसरीच्या वर्गात आईचे चित्र काढायला सांगितले की एका खडूसाठी ओढाताण सुरू होते. ‘मला स्किन कलर दे ना!’ हा स्किन कलर म्हणजे डबीतला फिकट गुलाबी-केशरी खडू. मागणाऱ्याचा हात गव्हाळ असतो, देणाऱ्याचा सावळा, आणि जिचे चित्र चालले आहे ती आई कदाचित दोघांहून सावळी असते. तरी कागदावरची आई गुलाबीच होते. मुले निरीक्षणात कच्ची नसतात. त्याच चित्रात साडीचे काठ, कपाळावरची टिकली, हातातला मोबाइल सगळे बरोबर उतरते. मग रोज डोळ्यांसमोर असलेला रंगच तेवढा का चुकतो?

कारण तो रंग मुलाने आईकडे पाहून घेतलेलाच नसतो. ‘माणूस असा रंगवायचा असतो’ ही रीत ते कुठून तरी शिकलेले असते. ही रीत शिकवणारे पुष्कळ आहेत: कार्टून, जाहिराती, भिंतीवरचे कॅलेंडर. पण शाळेतल्या भाषेच्या पाठ्यपुस्तकाचा वाटा यात मोठा आहे, आणि तो कसा पडतो हे समजून घेण्यासारखे आहे.

चित्र हाच शब्दाचा अर्थ

गणिताच्या पुस्तकातले पाच आंबे मोजण्यापुरते असतात. पहिलीच्या भाषेच्या पुस्तकात मात्र शब्द आणि चित्र शेजारी शेजारी बसतात, आणि ज्या मुलाला अजून वाचता येत नाही ते चित्रावरूनच शब्द ओळखते. ‘आई’, ‘ताई’, ‘बाळ’, ‘राजा’, ‘शेतकरी’, ‘डॉक्टर’ या शब्दांपुढे येणारे चेहरे त्या शब्दांचा अर्थ म्हणूनच येतात. एकाच शब्दापुढे तसाच चेहरा वारंवार दिसला की मन त्याचा नमुना बनवते. ‘पक्षी’ म्हटल्यावर चिमणी आठवते आणि शहामृग आठवत नाही, ते याच सवयीमुळे. मुलाला हा नियम कोणी सांगत नाही. पानामागून पान उलटताना ते स्वतःच तो काढते.

या जोडणीत किती ताकद असते ते जून २०२० मध्ये दिसले. पश्चिम बंगालमधल्या पूर्व वर्धमान जिल्ह्यात एका शाळेत पूर्वप्राथमिकच्या मुलांना दिलेल्या इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात ‘यू’ या अक्षरापुढे ‘अग्ली’, म्हणजे कुरूप, हा शब्द होता आणि त्याच्याशेजारी काळ्या वर्णाच्या माणसाचे चित्र होते. पालकांनी ते उघडकीस आणले आणि दोन शिक्षिकांना निलंबित करण्यात आले. हा प्रकार इतका उघड होता की कोणालाही खटकावा. एरवी जे घडते ते याहून फार हळू आणि बिनबोभाट घडते. ‘सुंदर’ शब्दापुढे दरवेळी गोरी मुलगी आली, तर काळ्या रंगाबद्दल एकही वाईट शब्द न छापता तोच धडा गिरवला जातो.

शिवाय पाठ्यपुस्तकाला इतर पुस्तकांना नसलेला अधिकार असतो. त्यातले शिक्षक मोठ्याने वाचून दाखवतात, त्यावर परीक्षा होते. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या बालभारतीची पुस्तके गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकाच वेळी लाखो मुलांच्या हातात पडतात. कितीतरी घरांत चित्रे असलेले तेवढेच पुस्तक असते.

खरा रंग कसा ठरतो

आपल्या त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात आणि ते त्वचेत कसे पसरते यामुळे. मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. म्हणून प्रखर उन्हाच्या प्रदेशांत हजारो वर्षे राहिलेल्या लोकांत गडद त्वचा टिकून राहिली. थोडक्यात, काळा रंग हे शरीराचे संरक्षण आहे.

हा रंग ठरवणारे जनुक एक नाही, अनेक आहेत. गोड्या मसाल्याचे जिन्नस घरोघर तेच असतात, पण धणे, खोबरे, दगडफूल यांचे प्रमाण जरा इकडेतिकडे झाले की प्रत्येक घरच्या मसाल्याचा रंग वेगळा येतो. तसेच इथे होते. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा मेळ प्रत्येक अपत्यात वेगळा जमतो, म्हणून सख्ख्या बहिणींमध्ये एक निमगोरी आणि एक काळीसावळी असू शकते. या जनुकांपैकी एका महत्त्वाच्या जनुकाचा भारतातल्या लोकांत अभ्यास झाला आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या जनुकातल्या एका बदलामुळे रंग उजळ होतो, आणि हा बदल भारतात सर्वत्र कमीअधिक प्रमाणात विखुरलेला आढळला.

त्वचेच्या रंगांचे इतके वैविध्य एका देशात क्वचितच सापडेल. वर्गातली चाळीस मुले ओळीने उभी केली तर गव्हाळ, निमगोरा, सावळा, तांबूस, काळा अशा सगळ्या छटा तिथेच दिसतात. त्याच चाळीस मुलांच्या हातातल्या पुस्तकात मात्र त्यांतली एखाददुसरीच छटा असते.

फिका रंग कुठल्या टप्प्यावर येतो

हे कोणी मुद्दाम ठरवून करते असे मला वाटत नाही. चित्र पुस्तकात येईपर्यंत अनेक हातांतून जाते, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ते थोडे फिके होण्याची सोय असते.

जुन्या पाठ्यपुस्तकांत बरीच चित्रे नुसत्या रेषांची असत. काळ्या रेषेने चेहरा काढला की आतला कोरा कागद हीच त्वचा. सगळ्यांचीच त्वचा कागदाच्या रंगाची असल्याने प्रश्न फारसा उठत नसे. एखाद्याला मुद्दाम काळा दाखवायचे असेल तरच चेहऱ्यावर बारीक रेघा ओढल्या जात, आणि त्या बहुधा दरोडेखोराच्या किंवा राक्षसाच्या वाट्याला येत. पुस्तके रंगीत झाली तेव्हा प्रत्येक चेहऱ्यासाठी कोणीतरी रंग निवडणे भाग पडले. कोऱ्या कागदाला सर्वांत जवळचा रंग फिकट गुलाबी. तोच रूढ झाला.

चित्रकाराला मिळणाऱ्या सूचना साधारण अशा असतात: ‘अंगणात खेळणारी चार मुले, मागे झाड, एका मुलीच्या हातात चेंडू.’ रंगाचा उल्लेख नसतो. मुदत जवळ आलेली असते, चित्रे पुष्कळ असतात. संगणकावर आधीच्या पुस्तकासाठी जपून ठेवलेला त्वचेचा रंग एका टिचकीत भरता येतो. चार मुलांचे शर्ट चार रंगांचे होतात, चेहरे एकाच रंगाचे. बाजारात विकत मिळणारी तयार चित्रे वापरली, तर फिकट चेहरे आधीच भरून आलेले असतात.

आणखी एक अडचण खरोखर कलेची आहे. डोळे, भुवया, नाक, ओठ काळ्या रेषेने काढायची सवय असेल, तर गडद तपकिरी रंगावर त्या रेषा बुडतात. चेहरा हरवतो, हसू दिसत नाही. यावर उपाय आहेत आणि चांगल्या चित्रकारांना ते ठाऊक आहेत: बाह्यरेषा काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्यायची, गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा हलका हात द्यायचा, कपड्यांना पिवळा-लाल असा ठसठशीत रंग द्यायचा. एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकी चित्रकाराने १९६२ मध्ये ‘द स्नोई डे’ या पुस्तकात पीटर नावाचा कृष्णवर्णी मुलगा नायक केला. पांढऱ्या बर्फावर लाल कपड्यांतला हा तपकिरी मुलगा इतका उठून दिसतो की नजर त्याच्यावरून हलत नाही. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला तिथला बालचित्रपुस्तकांचा सर्वोच्च मानाचा काल्डेकॉट पुरस्कार मिळाला.

मग येतो छापखाना. रंगीत छपाईत चारच शाया असतात: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. बाकी सारे रंग या चारांच्या बारीक ठिपक्यांतून उभे राहतात. फिकट त्वचेसाठी थोडी किरमिजी, थोडी पिवळी आणि नावापुरती सायन पुरते. सावळ्या त्वचेसाठी किरमिजी आणि पिवळी दोन्ही भरपूर लागतात, सायन वाढवावी लागते, कधी काळीही घालावी लागते. शाई वाढली की धोका वाढतो, कारण साधा कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो. मूळ फाइलमध्ये ५० टक्के असलेला ठिपका अशा कागदावर ७० टक्क्यांच्या आसपास दिसू शकतो. बालभारतीच्या श्रेयपानावर कागदाचा प्रकार छापलेला असतो: ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) क्रीमवोव्ह. हा वर लेप नसलेला, शाई शोषणारा कागद आहे. पडद्यावर सुरेख दिसणारा तपकिरी चेहरा त्यावर मळकट, काळपट उतरतो. प्रूफ पाहणारा म्हणतो, ‘चेहरे काळवंडलेत, जरा उजळ करा.’ आणि रंग आणखी एक पायरी फिका होतो.

ही अडचण सुटणारी आहे. ठिपका किती पसरेल याचा अंदाज आधीच घेऊन फाइलमधला रंग तेवढा हलका ठेवायचा, सायन आणि काळ्या शाईचे प्रमाण आवरून तपकिरीपणा किरमिजी-पिवळ्यातून आणायचा, आणि प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर चाचणी छापून पाहायची. कोणत्याही जाणत्या मुद्रकाला हे जमते. पण त्यासाठी सावळा चेहरा सावळाच दिसायला हवा, असे आधी कोणीतरी सांगावे लागते.

चित्रपरंपरेचा भारही यात आहे. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घराघरांत पोचली आणि देवी म्हणजे गौरवर्णी हे डोळ्यांना सवयीचे झाले. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’च्या कितीतरी अंकांत नायक उजळ किंवा निळे आणि असुर तपकिरी-काळसर दिसतात. आज चित्रे काढणाऱ्या पिढीने लहानपणी हेच वाचले.

सावळ्यांच्या वाट्याला काय येते

सगळेच चेहरे गुलाबी असते तर एक वेळ म्हणता आले असते की ही नुसती चित्रांची भाषा आहे. पण नीट पाहिले तर पुस्तकांत सावळी माणसेही भेटतात. नांगर धरणारा शेतकरी, डोक्यावर घमेले घेतलेली बाई, आदिवासी पाड्यावरची मुले, मासे विकणारी मावशी. डॉक्टर, शाळेतल्या बाई, वाचनालयातली मुलगी, वाढदिवसाचा केक कापणारे कुटुंब मात्र उजळ असते. यावर उत्तर असे मिळते की शेतकरी उन्हात राबतो, तो सावळाच असणार. ऊन लागून रंग गडद होतो हे खरे. उघडे हात-पाय-मान जास्त काळवंडतात. पण डॉक्टरीणबाईंचा जन्मजात रंग काही उन्हावर ठरत नाही. त्या सावळ्या असू शकत नाहीत का? आणि उजळ रंगाच्या मजूरबाई आपण पाहिलेल्या नाहीत का?

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर भाग वाटतो. अशी चित्रे मुलांना चुकीचे शास्त्र शिकवतात. रंगावरून माणसाचा व्यवसाय, जात, शिक्षण ओळखता येते, असा ठसा ती उमटवतात. रंग उजळ करणारा बदल भारतात सर्वत्र विखुरलेला आहे हे आपण वर पाहिले. ज्या विठ्ठलाच्या काळ्या रूपावर महाराष्ट्राने सातशे वर्षे जीव ओवाळला, तो पाठ्यपुस्तकातही काळाच असतो. पण त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या नातीला तो रंग मिळत नाही. काळेपण एक तर देवाचे, नाही तर कष्टकऱ्याचे. मधल्या सगळ्या साध्या, हसऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या जगात त्याला जागा कमी.

मनावर काय उमटते

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णी मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या एकसारख्या, फरक फक्त कातडीच्या आणि केसांच्या रंगाचा. ‘खेळायला कोणती आवडेल, चांगली कोणती, वाईट दिसणारी कोणती’ असे विचारल्यावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटी ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारले तेव्हा काही मुले रडवेली झाली, काही उठून निघून गेली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला. ही परीक्षा पुस्तकांची नव्हती, आणि मुलांच्या मनात जे साचते त्याला घर, वस्ती, समाज सगळेच कारण असते. पण इतक्या लहान वयात रंगाची उतरंड मुलांना कळलेली असते, हे तिने दाखवून दिले.

पुस्तकांची मोजदाद पुढे नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ लेखिकेने केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तके तिच्या पाहणीत होती. त्यांतल्या जेमतेम ३४९ पुस्तकांत एकतरी कृष्णवर्णी व्यक्ती होती. आता ही मोजणी संगणक करतो. शिकागो विद्यापीठातल्या अंजली अदुकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या पुरस्कारप्राप्त बालपुस्तकांतील चेहऱ्यांचे रंग यंत्राने मोजले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट निघाली: चित्रांतली मुले मोठ्या माणसांपेक्षा उजळ रंगवलेली होती. याला शरीरशास्त्रात काही आधार नाही. मूल म्हणजे निरागस आणि निरागस म्हणजे उजळ, अशी चित्रकाराच्याही नकळत घातलेली सांगड यामागे असावी. आपल्याकडच्या पुस्तकांत आजोबा सावळे आणि नातू गुलाबी असे चित्र दिसले की मला हा अभ्यास आठवतो.

चौकट : पुस्तक उघडून स्वतः पाहा

घरातले भाषेचे कोणतेही पाठ्यपुस्तक घ्या. आधी फक्त मुलांचे चेहरे पाहा आणि त्यांत किती वेगवेगळे रंग आहेत ते मोजा. मग मोठ्या माणसांचे मोजा. त्यानंतर प्रत्येक सावळ्या माणसापुढे तो चित्रात काय करतो आहे ते लिहा: बोलतो, शिकवतो, प्रश्न विचारतो, की नुसता मागे काम करताना दिसतो? रंग ठरवताना गोंधळ होत असेल तर मोबाइलमधल्या चेहऱ्यांच्या इमोजींच्या पाच छटा मापाला घ्या. त्या २०१५ मध्ये आल्या आणि त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या फिट्झपॅट्रिक मापनावर बेतलेल्या आहेत. मुलांना हे काम द्या. त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर जमते.

बदल कुठे करायचा

चित्रे ठरवून बदलता येतात, हे बालभारतीनेच २०१९ मध्ये दाखवले. दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडत बसलेले दिसले. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चित्रांतल्या स्वयंपाकघरात फक्त आईच असे. त्या चित्रांची चर्चा झाली, कौतुकही झाले, आणि पुरुषाने भाजी निवडण्यात वेगळे काही नाही हे सहा-सात वर्षांच्या मुलांना शब्दाविना कळले. कामांच्या वाटणीबद्दल जे करता आले ते रंगाबद्दलही करता येईल.

जाहिरातींसाठी असा नियम आहे. आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये स्पष्ट केले की गडद रंगाच्या व्यक्तीला अनाकर्षक, दुःखी किंवा अपयशी दाखवता येणार नाही. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये आपल्या नावातला गोरेपणा काढून टाकला. क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ नावाच्या खडूचे नाव १९६२ मध्येच बदलले होते, आणि २०२० मध्ये तर त्वचेच्या २४ छटांचा वेगळा संच काढला. बाजाराला जे उमगले त्यात शाळेने मागे राहू नये.

सर्वांत कमी खर्चाचा बदल सूचनापत्रात आहे. ‘अंगणात खेळणारी चार मुले’ याऐवजी ‘चार मुले, त्यांत दोन सावळी, एक काळी, एक गव्हाळ, चेंडू काळ्या मुलीच्या हातात’ एवढे लिहिले की चित्रकाराचे काम स्पष्ट होते. यात शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. चेंडू कोणाच्या हातात आहे, गोष्ट कोणाची आहे, प्रश्न कोण विचारते, हे न बदलता फक्त कडेच्या एका मुलाला तपकिरी केले तर ती रंगरंगोटी होईल. आणि एकाच कुटुंबात वेगवेगळ्या रंगांची माणसे काढावीत. तेच खरे आहे आणि ते पाहून किती मुलांना बरे वाटेल.

शिक्षकांना नव्या पुस्तकाची वाट पाहायची गरज नाही. चित्रकलेच्या तासाला पिवळी माती, तांबूस तपकिरी, पांढरा आणि चिमूटभर निळा हे रंग द्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या हाताशी जुळणारी छटा मिसळायला सांगा. कोणाचीच छटा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, आणि ‘स्किन कलर’च्या खडूशी तर कोणाचीच नाही, हे मुलांना स्वतःच्या हाताने कळते.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. वर सांगितलेली मोजणी केल्यावर ती मनात ठेवू नका. पाठाचे नाव, पान क्रमांक, चित्रात काय दिसते आणि त्याऐवजी काय असायला हवे एवढे चार ओळींत लिहून मंडळाला पाठवा. पत्ता पुस्तकातच छापलेला असतो.